संदर्भग्रंथ आणि प्रवेशिका: ‘कॅटॅलिस्ट’च्या पाठमालेविषयी

पर्ल ह्या संगणकभाषेत संकेतस्थळे रचण्यासाठी ‘कॅटॅलिस्ट’ हे मुक्त-स्रोत फ्रेमवर्क २००५ साली पुढे आले. त्याच्या विस्तृत मार्गदर्शिकेत दहा प्रकरणांची पाठमालाही आहे. तरी नवशिका उंबरठ्यावरच अडखळतो. साहित्याचा तुटवडा हे त्याचे कारण सांगितले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते उणीव प्रमाणाची नसून प्रकाराची आहे.

पाठमालेत ग्रंथांची एक यादी रचावयाची असते. त्यासाठी माहितीकोशाकरिता ‘डीबीआयएक्स-क्लास’ आणि पृष्ठरचनेकरिता ‘टेम्प्लेट टूलकिट’ ही दोन स्वतंत्र साधने सोबतच शिकावी लागतात. साधने निवडण्याचे स्वातंत्र्य हा कॅटॅलिस्टचा गुण खरा. परंतु जाणत्याचे हे स्वातंत्र्य नवशिक्याला तीन परिभाषांचे ओझे होते.

परिभाषेचेच उदाहरण घेऊ. ‘बुक्स’ ह्या कंट्रोलरमधील ‘लिस्ट’ ह्या क्रियेस ‘लोकल’ हे चिन्ह जोडले की ‘बुक्स/लिस्ट’ हा पत्ता सिद्ध होतो. चिन्ह स्वतः पत्त्यात दिसत नाही; पाणिनीच्या अनुबंधाप्रमाणे ते कार्य घडवून लोप पावते. पुढे येणारे ‘चेन्ड’ हे चिन्ह अनुवृत्तीची आठवण करून देते: पूर्वक्रियेचा पत्ता उत्तरक्रियेस लाभतो. भेद इतकाच की, सूत्रपाठात अनुवृत्ती क्रमाने येते, येथे पूर्वक्रियेचे नाव सांगावे लागते. पाठमाला ही चिन्हे थोडक्या स्पष्टीकरणानिशी उतरवून घ्यावयास लावते. संपूर्ण विवेचन मात्र पत्तानिर्णयाच्या स्वतंत्र संदर्भपृष्ठावर आहे. ते उघडण्यासाठी हा विषय पत्तानिर्णयाचा आहे, हे आधीच ठाऊक असावे लागते. ज्याला शब्दच माहीत नाही, त्याने शब्दकोश कोणत्या पानावर उघडावा?

व्याकरणपरंपरेने ही अडचण ओळखली होती. सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांनी ‘सिद्धान्तकौमुदी’त पाणिनीची सूत्रे विषयवार लावली आणि त्यांचे शिष्य वरदराज ह्यांनी ‘लघुसिद्धान्तकौमुदी’ रचून नवशिक्यांची सोय केली. मूळ सूत्रांचे शब्द बदलले नाहीत; बदलला तो प्रवेशाचा क्रम.

फ्रेमवर्कच्या आवृत्त्या बदलतात, म्हणून प्रवेशिका लवकर जुनी होते, हा आक्षेप अंशतःच खरा आहे. आज्ञांचे तपशील बदलतात. विनंती, पत्ता, क्रिया आणि उत्तर ह्यांचा परस्परसंबंध सहसा बदलत नाही. प्रवेशिकेने माहितीकोश तूर्त बाजूला ठेवून, एकाच पृष्ठाच्या साहाय्याने, हा संबंध प्रथम उलगडावा.

हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा नव्हे. बोलीची शब्दसामग्री संकेतस्थळावर मांडू पाहणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याजवळ विचारावयास जाणता सहकारी नसेल, तर पदरमोड न करता मिळालेले हे साधन त्याला निरुपयोगी ठरते. स्रोत मुक्त असणे म्हणजे ग्रंथ उघडा असणे. तो वाचता येणे ही त्याहून वेगळी गोष्ट होय, आणि तिची जबाबदारी ग्रंथ रचणाऱ्यांवरच पडते.