सैतानाच्या खाती जमा झालेला रियाज

मिसिसिपीचा ब्लूजगायक रॉबर्ट जॉन्सन १९३८ साली, ऐन तारुण्यात वारला. मागे उरली ती १९३६-३७ मध्ये टेक्सासात ध्वनिमुद्रित झालेली अवघी २९ गाणी. १९६१ च्या एल.पी.ने त्यांतली काही नव्या रसिकांपर्यंत पोचवली. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून त्याने गिटारविद्या मिळवली, ही दंतकथा रसिकांना प्रिय. पण तीच त्याच्यावर अन्याय करते. सन हाउससारख्यांचे ऐकून, आइक झिमरमनपाशी बसून त्याने हात घडवला. तीन मिनिटांच्या तबकडीत त्याची एकटी गिटार खर्ज आणि तार दोन्ही अशी सांभाळते, की दोघे वाजवीत असल्याचा भास व्हावा. तबकडीची खरखर प्रेमाने ऐकणाऱ्याने त्या बोटांचे श्रमही ऐकावेत. कृष्णवर्णीय कलावंताची मेहनत सैतानाच्या खाती जमा करणे रसिकतेला शोभत नाही.