‘शुद्ध’ ध्वनी

रिळांवरच्या संगीताचे संग्राहक ‘शुद्ध’ ध्वनीबद्दल बोलू लागले की मी सावध होतो. हा शब्द आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे. तरी त्यांचे म्हणणे खोटे नाही. फीत सेकंदाला 15 इंच धावली की ध्वनीला जास्त जागा मिळते, खरखर कमी होते. साडेदहा इंची रिळात मात्र जेमतेम 33 मिनिटे मावतात. म्हणून एका अल्बमला बहुधा दोन रिळे, आणि किंमत शेकडो डॉलर!

सॉनी रोलिन्स या कृष्णवर्णीय वादकाचा 1956 चा ‘सॅक्सोफोन कोलोसस’ मी अशा फितीवर ऐकला. मॅक्स रोचच्या ढोलावरचा घाव कातड्यासकट कानावर येतो. ढोल मढवणारे हात कुणाचे असतात, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. पण संग्राहकांचा वाद एकच: फीत मूळ प्रतीपासून कितवी?

पहिली धून रोलिन्सने लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेली. तिचे बेट सेंट थॉमस, धुनीचे नावही तेच. तिथली गुलामगिरी 1848 साली संपली. फितीचा वेग नेमका नोंदवणाऱ्या, मी वाचलेल्या परीक्षणांत हे नाव पहिल्या क्रमांकाची धून एवढ्यापुरतेच येते.