कोळशाचे निरूपण

चित्रकलेवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पन्नास वर्षे टाळ-वीणेच्या संगतीत कीर्तन केले, तेवढेच माझे शिक्षण. पण नातवाने मोबाईलवर काही चित्रे दाखवली, ती मनातून जात नाहीत.

चित्रकार प्रभाकर पाचपुते, जन्म १९८६, गाव चंद्रपूर जिल्ह्यातले सास्ती. घराच्या तीन पिढ्या कोळसा खाणीशी बांधलेल्या. खैरागड आणि बडोद्याला शिक्षण झाले. वेल्समधले 'आर्टेस मुंडी' पारितोषिक २०२१ साली सहा कलावंतांना मिळून दिले, त्यांत हे एक. कोळशाच्या कांडीने ते थेट भिंतीवर चित्र काढतात. कांडी लाकडी कोळशाची, खाणीतला कोळसा दगडी; पण काळिमा एकच.

त्यांच्या चित्रांत धड माणसाचे असते आणि डोक्याच्या जागी कधी अवजार, कधी यंत्र. आमच्या संतांनीही आपला धंदा परमार्थात आणला. सावतोबांचा मळा, गोरोबांची माती, नरहरींची सोनारकी. पण तिथे अवजार हातात राहिले आणि कामात देव उतरला. इथे अवजारच मानेवर चढून बसले आहे.

पहिल्यांदा मी नातवाला म्हणालो, "यात नाम कुठे आहे रे? दुःख दाखवले, उताराचे काय?" नंतर गाडगेबाबा आठवले. आपल्या तालुक्यातल्या दापुऱ्याला बाबा मामाच्या घरी वाढले. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे बाबा कीर्तनात समोरच्यालाच प्रश्न विचारीत, कर्ज काढून सण करू नका म्हणून बजावीत. उत्तर श्रोत्याच्या तोंडून यावे, ही त्यांची रीत. पाचपुत्यांचे चित्र तोच प्रश्न न बोलता विचारते.

आणि मी? कर्जापायी कर्ता माणूस गेलेल्या घरी तेराव्याला उभा राहिलो आणि देह नाशिवंत आहे एवढेच सांगत आलो. ते खोटे नव्हते. पण जमिनीबद्दल मी अवाक्षर काढले नाही. त्या माउलीने माझ्याकडे पाहिले होते, ती नजर या चित्रांनी परत आणली.

एक उणीव मात्र सांगतो. ही चित्रे बहुतेक शहरांच्या आणि परदेशांच्या दालनांत भरतात. कीर्तन ज्याचे त्याच्या पारावर होते. ज्याच्या पाठीचे चित्र, त्याला ते आपल्या गावात पाहायला मिळावे. भिंतीवरचे हे काम प्रदर्शनानंतर पुसले जाते म्हणतात, त्याचे मला वाईट वाटत नाही. कीर्तनही सकाळी मंडपात उरत नाही. उरलेच तर श्रोत्यात उरते.

२० डिसेंबरला बाबांची पुण्यतिथी. त्या दिवशी कीर्तनाला उभे राहणाऱ्या तरुण महाराजांना माझी विनंती आहे: विठोबाचे नाव घ्या, आणि समोर बसलेल्याला त्याच्या शेताचे काय झाले, तेही विचारा.

रामकृष्ण हरी.