बेरजेआधीच शून्ये मोजणारे सर्किट

१९९० साली आयबीएमच्या आरएस/६००० यंत्राबरोबर एर्देम होकेनेक आणि रॉबर्ट मॉन्टॉय यांचा एक शोधनिबंध आला. विषय दिसायला रुक्ष: शून्ये मोजणे. पण मला अंकगणिताच्या सर्किटांत याहून देखणे काही सापडलेले नाही.

जवळजवळ सारख्या दोन फ्लोटिंग-पॉइंट संख्यांची वजाबाकी केली की डावीकडचे अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि उत्तराच्या डोक्यावर शून्यांची रांग उरते. ती मोजायची, उत्तर तितकी घरे डावीकडे सरकवायचे, घातांक तितक्याने उतरवायचा, हे नॉर्मलायझेशन. यंत्रात वजाबाकी म्हणजे पूरक संख्येची बेरीजच; सरळमार्गी सर्किट आधी ही बेरीज पुरी होऊ देते आणि मग मोजायला बसते. या दोघांनी मोजणी बेरजेच्या शेजारीच, एकाच वेळी सुरू केली. उत्तर तयारच नाही, तर मोजायचे काय?

एकेका घरातली जोडी. दोन्ही अंक १ असले की हातचा जन्मतो, दोन्ही ० असले की आलेला हातचा तिथेच जिरतो, एक-शून्य असले की तो पुढे जातो. उत्तर धन असेल तर डोक्यावरची शून्ये एकाच नक्षीत येतात: असलीच तर काही 'पुढे जा' घरे, मग एक 'जन्म', मग 'जिरा' घरांची माळ. माळ तुटली की पहिला १ आलाच. प्रत्येक घर फक्त शेजाऱ्यांकडे बघते. लांबून येणाऱ्या हातच्याची वाट कोणीच बघत नाही.

आता खरी गंमत. सहा अंकी द्विमान पद्धतीत, वजा करायची संख्या दोनच्या पूरकात मांडून, ३२ मधून ३० आणि ३३ मधून २९ वजा करून बघा. दोन्हीकडे पहिली पाच घरे तंतोतंत सारखी: जन्म, जिरा, जिरा, जिरा, पुढे जा. दोन्हीकडे माळ पाचव्या घरात तुटते. पण पहिले उत्तर ००००१०, दुसरे ०००१००! शेवटच्या घरातून हातचा आला तर १ एक घर डावीकडे जातो, आणि हातच्याकडे बघायचे नाही हे तर आधीच ठरलेले.

म्हणजे अंदाज चुकतो. पण चुकला तर एकाच घराने, आणि ठरलेल्याच दिशेने. उत्तर एक घर कमी सरकवून ठेवायचे आणि वरचा अंक बघायचा: ० असेल तर आणखी एक घर, १ असेल तर काम झाले. १९९९ मध्ये ब्रुगेरा आणि लँग यांनी ही दुरुस्तीही मोजणीच्या जोडीने उरकणारी रचना मांडली. त्यात वेळ वाचतो, जाळे मात्र बरेच वाढते. माझे मत विचाराल तर शेवटी एकदा वर बघून घेणारी जुनी रीतच अधिक डौलदार.