कार्ड कोण तयार करतो?

संगणक शाळेत आला आणि शिक्षण बदललं, असं आपण सरसकट म्हणतो. पण संगणक आला तोच शिकण्याविषयीची एक कल्पना पोटात घेऊन. ती तपासायला हवी.

१९५४ मध्ये बी. एफ. स्किनर यांनी शिकवणारं यंत्र दाखवलं. धडा लहान लहान पायऱ्यांत मांडायचा, मुलानं उत्तर द्यायचं, बरोबर की चूक ते लगेच कळायचं. संगणकावरच्या पुष्कळशा सरावात पुढे हाच साचा उतरला. त्याचा गुण मान्य करू : प्रत्येक मूल आपल्या गतीनं पुढे जातं. पण प्रश्न कायम यंत्राचाच!

उलटा प्रवाहही होता. त्याच दशकात मानसशास्त्रज्ञ संगणकाच्या भाषेत मनाविषयी बोलू लागले. माहिती आत येते, साठते, बाहेर पडते. आता आपणही म्हणतो, "डोक्यात फीड झालं." मूळची उपमा आपण वस्तुस्थिती धरून बसलो. शिकणं म्हणजे साठवण एवढंच मानलं, की समजण्याला जागाच उरत नाही. माझा आक्षेप इथं आहे.

सीमूर पॅपर्ट जिनिव्हात पियाजेंबरोबर काम करून अमेरिकेत गेले. १९६७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा घडवली. त्यात मूल पडद्यावरच्या कासवाला सांगतं, इतकं पुढे जा, इतकं वळ. चौकोन फसला तर आपल्याच सूचना पुन्हा तपासतं. अर्थात, पुढचा प्रश्न टाकणारा शिक्षक जवळ नसेल तर ते नुसते चौकोनच काढत बसेल.

सोलापूरकरांना हे जकार्डवरून चटकन कळेल. चादरीवरच्या मोराची नक्षी भोकं पाडलेल्या कार्डांत असते. संगणकाच्या पंचकार्डाचा पूर्वजही तोच. कार्ड तयार करणाऱ्याला मोर कळावा लागतो, मागाला कळावा लागत नाही. स्किनरच्या यंत्रापुढे कार्ड दुसऱ्यानं केलेलं असतं. लोगोत ते मूल स्वतः करतं.

आपल्याच जिल्ह्यात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. काम मोठंच आहे. पण नुसता कोड उचलला, तर मूल पुन्हा ऐकणारंच राहील. म्हणून शाळेत नवा टॅब आला की गुरुजींना एवढंच विचारा : आमचं पोर याला काय करायला सांगणार आहे?