प्रांतिक वित्त, सत्ता आणि गावतलाव : डॉ. आंबेडकरांच्या आर्थिक इतिहासलेखनाची समीक्षा

प्रास्ताविक

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द इव्होल्यूशन ऑफ प्रॉव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया' हा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना त्याला लाभली आहे. याच ग्रंथाच्या आधारे १९२७ मध्ये त्यांना कोलंबियाची पीएच.डी. पदवी मिळाली. परंतु महाविद्यालयीन चर्चासत्रांतून आंबेडकरांच्या अर्थविचाराचा उल्लेख होतो तेव्हा बहुधा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' (१९२३) या ग्रंथाचे नाव घेतले जाते आणि रिझर्व्ह बँकेच्या स्थापनेचे श्रेय त्याला देऊन विषय आटोपता घेतला जातो. वास्तविक त्या ग्रंथाचा रोख चलनव्यवस्थेतील सरकारच्या स्वेच्छाधिकाराला आळा घालण्यावर आहे. चलनाचे व्यवस्थापन सत्ताधाऱ्यांच्या विवेकावर सोपवू नये, हे त्याचे मुख्य म्हणणे आहे. गौरवाच्या भरात युक्तिवाद मागे पडतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

प्रस्तुत लेखात प्रांतिक वित्तावरील ग्रंथाची समीक्षा करावयाची आहे. आर्थिक इतिहास हा सत्तेच्या उत्तरदायित्वाचा इतिहास असतो, हे या ग्रंथाचे मर्म आहे. तथापि त्याची दृष्टी प्रांतिक सरकारच्या दारापाशी थांबते. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांचा इतिहास समोर ठेवल्यास ग्रंथाचे सामर्थ्य आणि ही मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

ग्रंथाची मांडणी

१८३३ च्या सनदी कायद्याने इलाख्यांचे कायदेविषयक व वित्तीय अधिकार काढून घेतले आणि ते गव्हर्नर-जनरलच्या हाती एकवटले. तेथून आंबेडकर आपले विवेचन सुरू करतात. या केंद्रित व्यवस्थेत प्रांतांकडे खर्चाचे काम होते, पण पैसा उभारण्याची जबाबदारी नव्हती. त्यामुळे प्रत्येक प्रांताने मागणी फुगवून मांडावी आणि केंद्राने माहितीअभावी ती मंजूर करावी किंवा छाटावी, असा प्रकार चालू राहिला. लॉर्ड मेयो यांच्या डिसेंबर १८७० च्या ठरावाने तुरुंग, पोलीस, शिक्षण, वैद्यकीय सेवा, रस्ते इत्यादी खाती ठरावीक अनुदानासह प्रांतांकडे आली. पुढील पन्नास वर्षांच्या वाटचालीचे आंबेडकरांनी तीन टप्पे पाडले आहेत : १८७१ पासून नेमून दिलेल्या अनुदानांचा, १८७७ पासून नेमून दिलेल्या महसूल-बाबींचा आणि १८८२ पासून १९२१ पर्यंत वाटून घेतलेल्या महसुलाचा.

हे वर्गीकरण केवळ सोयीसाठी केलेले नाही. या सर्व टप्प्यांत प्रांतांना वापरायला पैसा मिळाला, पण त्यावर स्वतंत्र हक्क मिळाला नाही, असा निष्कर्ष त्यातून निघतो. प्रांत हे केंद्राचे खातेच राहिले. ज्याला सरकार विकेंद्रीकरण म्हणत होते ते वस्तुतः कामाची वाटणी होती, हा आंबेडकरांचा निर्णय आजही विचारात घेण्याजोगा आहे.

सामर्थ्यस्थाने

दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांनी भारतातून इंग्लंडकडे जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला. त्यांच्या विवेचनात भारत हे एक अखंड एकक आहे. कोलंबियातील १९१५ च्या प्रबंधिकेत ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराविषयी लिहिताना आंबेडकरही याच परंपरेच्या जवळ होते. दहा वर्षांनंतरच्या या ग्रंथात मात्र प्रश्नाचे रूप बदलले आहे. किती पैसा गेला यापेक्षा तो कोणी उभारला, कोणी खर्चिला आणि त्याचा जाब कोणी कोणास दिला, हे प्रश्न अग्रभागी येतात. केंद्रित वित्तव्यवस्था का कोलमडली याचे उत्तर ते केवळ हिशेबपद्धतीत शोधत नाहीत. शेतीला दडपणारा जमीन महसूल, व्यापाराला अडविणारी अंतर्गत जकात, गरिबांवर पडणारा मिठावरील कर आणि सार्वजनिक बांधकामांची उपेक्षा, असे संपूर्ण राजकोषीय धोरण ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात.

ग्रंथाच्या अखेरीस १९१९ च्या सुधारणांतील द्विदल राज्यपद्धतीवर त्यांनी केलेली टीकाही याच सूत्राला धरून आहे. एकाच कार्यकारी मंडळाचे दोन भाग करून एकाला जबाबदार व दुसऱ्याला बेजबाबदार ठेवले, तर संयुक्त उत्तरदायित्व संपुष्टात येते. राष्ट्रीय विकासाला निधी लागतो, पण निधी कोणाच्या हाती आणि कोणास बांधील, हे ठरल्याशिवाय त्याचे विकासात रूपांतर होत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ होय.

मर्यादा : प्रांताखालचा हिशेब

ग्रंथाची मुख्य मर्यादा त्याच्या साधनांतून आली आहे. सरकारी अंदाजपत्रके आणि ठराव हेच त्याचे प्रमुख आधार असल्यामुळे महसूल सरकारी तिजोरीत पोहोचतो तेथून हिशेब सुरू होतो. त्याआधी गावात काय घडते, हे त्यात येत नाही. मध्य प्रांताचे आकडे इतर प्रांतांच्या रांगेत बसतात, पण त्यांमागील मालगुजार आणि कूळ दिसत नाहीत.

आपल्या परिसरापुरते पाहू. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले व १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. त्यानंतरच्या जमाबंदीत मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. कुळांकडून खंड वसूल करून त्यातील ठरावीक हिस्सा सरकारात भरावयाचा व उरलेला स्वतःकडे ठेवावयाचा, अशी ही पद्धत होती. भंडारा जिल्ह्यात, ज्यात त्या काळी आजचा गोंदिया जिल्हा व गोरेगाव तालुका समाविष्ट होता, धानाची शेती तलावांवर अवलंबून होती. तलाव बांधण्याचे कसब कोहळी समाजाचे. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव परंपरेने कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. ढिवर समाजाची उपजीविका याच पाण्यातील मासेमारी व शिंगाड्यावर चाले. पाणी, मासे आणि बुडीत जमीन यांवरील हक्क वाजिब-उल-अर्ज व निस्तार पत्रकात नोंदविले जात.

तलाव हीसुद्धा एक वित्तव्यवस्थाच होती. तीत श्रम, दुरुस्ती, पाण्याची पाळी आणि मालकीचा अधिकार यांची वाटणी होती. ती समान मुळीच नव्हती. मालगुजाराच्या सत्तेला जात आणि जमीन या दोहोंचा आधार होता, म्हणून तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तरीही पाळ फुटली तर मालगुजाराचे स्वतःचे धान बुडत होते. अधिकार व तोटा एकाच ठिकाणी असल्यामुळे दुरुस्तीकडे लक्ष राहत असे.

आंबेडकरांचा निकष, आपला प्रश्न

मध्य प्रदेशच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानुसार ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हा कायदा आवश्यकच होता. १९५६ मध्ये हा प्रदेश मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. आज १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत आहेत. अनेक तलाव गाळाने भरले, काहींच्या बुडीत क्षेत्रात अतिक्रमणे झाली. यासाठी जमीनदारी निर्मूलनाला दोष देणे सोपे आहे, परंतु ते चुकीचे ठरेल.

येथे आंबेडकरांचा निकष उपयोगी पडतो. पाणी वापरणाऱ्या गावाकडे निधी नाही. निधी देणाऱ्या यंत्रणेला गावाचा जाब नाही. दुरुस्तीचे काम करणारी जिल्हा परिषद वरून येणाऱ्या अनुदानावर अवलंबून आहे. १८७१ च्या प्रांतांची स्थिती हीच होती. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने राज्य वित्त आयोगाची तरतूद केली, पण नेमून दिलेले अनुदान म्हणजे स्वायत्तता नव्हे, हा आंबेडकरांचा आक्षेप त्यामुळे निकालात निघत नाही.

विदर्भाच्या अनुशेषाची चर्चाही याच कसोटीवर तपासावयास हवी. प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये जिल्हा हे एकक धरून अनुशेष मोजला. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. या काळात वादाचा भर निधीच्या आकड्यावर राहिला. जिल्ह्याच्या आत तो निधी कोणाच्या निर्णयाने व कोणत्या गावापर्यंत पोहोचतो, हा प्रश्न तुलनेने दुय्यम ठरला.

समारोप

प्रांतिक वित्तावरील हा ग्रंथ अपूर्ण आहे, पण त्याची अपूर्णता पुढील संशोधनाची दिशा दाखविते. आंबेडकरांनी वापरलेली पद्धत प्रांताकडून तालुक्याकडे व तालुक्याकडून गावतलावापर्यंत नेणे हे आपल्या महाविद्यालयांतील इतिहास, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र विभागांचे संयुक्त काम आहे. निस्तार पत्रके, जमाबंदीचे अहवाल व जिल्हा परिषदेची अंदाजपत्रके एकत्र वाचल्यास एकेका तलावाचा आर्थिक इतिहास लिहिता येईल. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत आंबेडकर पराभूत झाले, ही घटना येथील प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक असते. त्यांनी सत्तेला विचारलेले वित्तविषयक प्रश्न मात्र येथील अभ्यासात क्वचितच विचारले जातात. ते विचारले गेल्याखेरीज मागासलेपण म्हणजे केवळ निधीची कमतरता, हा समज दूर होणार नाही.