राष्ट्रीय पदार्थाचा ताळेबंद

आमच्या घरी खिचडी तीन प्रसंगी होते. कुणाचं पोट बिघडलं तर, गावाहून रात्री उशिरा परतलो तर, आणि सौ.नं माझ्याशी बोलणं टाकलं असेल तर. त्यामुळे २०१७ च्या नोव्हेंबरात 'खिचडी भारताचा राष्ट्रीय पदार्थ होणार' अशी बातमी वाचली, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की देशाचं नेमकं बिघडलंय तरी काय?

प्रकार असा होता. दिल्लीत केंद्र सरकारनं खाद्यपदार्थांचा मोठा मेळावा भरवला होता. तिथं ४ नोव्हेंबरला शेफ संजीव कपूर यांच्या देखरेखीखाली एकाच कढईत ९१८ किलो खिचडी शिजली. तांदूळ, मूगडाळ, ज्वारी, बाजरी, भाज्या असा सगळा सरंजाम होता. फोडणी द्यायला बाबा रामदेव होते. गिनेस बुकात नोंद झाली. पण त्याआधीच 'राष्ट्रीय पदार्था'ची आवई उठली आणि असा काही गलका झाला, की अन्नप्रक्रिया खात्याच्या मंत्री हरसिम्रत कौर बादल यांना खुलासा करावा लागला, की राष्ट्रीय वगैरे काही नाही, हे केवळ विक्रमासाठी आहे. म्हणजे खिचडी चुलीवर चढण्याआधीच गादीवरून उतरली.

मी पडलो बी. कॉम. माणूस. कुठलंही प्रकरण जमा आणि नावे अशा दोन बाजू आखल्याशिवाय मला उमगत नाही. तेव्हा खिचडीचं खातं उघडून बघू.

जमेच्या बाजूला तिचं वय. चौदाव्या शतकात इब्न बतूता हिंदुस्थानात आला, त्यानं मूग नि तांदूळ एकत्र शिजवून तूप घालून खाणारी माणसं पाहिली आणि तसं लिहून ठेवलं. इतकी जुनी नोंद आमच्या बँकेतही सापडायची नाही. नावे बाजूला मात्र एकच प्रश्न, पण तो भारी आहे : खिचडी म्हणजे कुणाची? बंगाली माणसाला पाऊस लागला की खिचुडीशेजारी तळलेला इलिश लागतो. हैदराबादकराला खिमा हवा, गुजराती माणसाला कढी. तमिळ माणूस तिला पोंगल म्हणतो आणि तुम्ही खिचडी म्हणालात तर दुखावतो. इंग्रजांनी ती घरी नेली, तिच्यात धुरी दिलेला मासा आणि उकडलेली अंडी घातली आणि न्याहारीला खाल्ली. आणि आपण मराठी माणसं? आपण एकादशीला जी खिचडी खातो तिच्यात तांदूळही नाही आणि डाळही नाही! ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो दक्षिण अमेरिकेतला, साबुदाण्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमकडे, आणि पुण्य तेवढं आपलं.

'मग वडापाव करा की राष्ट्रीय!' असं आमचे युनियनवाले म्हणतात. १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला असं सांगतात, त्यामुळे त्यांचा अभिमान मी समजू शकतो. पण बटाटा अमेरिकेतला, मिरचीही तिथलीच, आणि ती दोन्ही इथं आली पोर्तुगीजांच्या मागून. पाव तर शब्दासकट त्यांचाच. शिवाय ज्या घरात बटाटा, कांदा, लसूण चालत नाही, तिथं वड्यात उरलं काय? बेसन.

चहाचंही तेच झालं. २०१२ च्या एप्रिलमध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष माँटेकसिंग अहलुवालिया यांनी आसामात सांगितलं, की वर्षभरात चहा राष्ट्रीय पेय होईल. लगेच दूधवाले म्हणाले, मग दुधानं काय घोडं मारलंय? वर्ष उलटलं, चहा होता तिथंच राहिला आणि पुढे २०१५ साली नियोजन आयोगच गेला.

या सगळ्याचा ताळेबंद मांडला तर एकच शिल्लक निघते. मोर १९६३ साली राष्ट्रीय पक्षी झाला आणि कुणी हूं की चूं केलं नाही. वाघाचंही तसंच. कारण त्यांना फक्त बघायचं होतं; पानात वाढून घ्यायचं नव्हतं. पदार्थ सर्वांना चालेल असा करायचा, तर ज्याला जे चालत नाही ते काढत जायला हवं. तसं काढत गेलं की शेवटी पातेल्यात पाणी उरतं. आणि ते उकळलेलं असावं, असा आग्रह धरणारा कुणीतरी निघतोच.

विषय इथंच संपला असता. पण माझी नोकरी पवईत. इथं १९५८ पासून आयआयटी आहे आणि देशातल्या झाडून साऱ्या प्रांतांतली हुशार पोरं तिथं मेसमध्ये जेवतात. राष्ट्रीय पदार्थ कुठं सापडायचाच तर इथं सापडावा! सापडलं ते निराळंच. २०२३ च्या जुलैत एका वसतिगृहाच्या कँटीनमध्ये 'इथं फक्त शाकाहारींनी बसावं' अशा चिठ्ठ्या लागल्या. पुढे १२, १३ आणि १४ नंबरच्या वसतिगृहांच्या सामायिक मेसमध्ये सहा टेबलं शाकाहारी जेवणासाठी राखून ठेवली गेली. काही मुलांनी निषेध केला, तेव्हा एकाला १०,००० रुपये दंड झाला. आम्ही आपले राष्ट्रीय पदार्थ शोधत बसलो होतो. इथं टेबलच राष्ट्रीय राहिलं नव्हतं.

आता, मासळीचा वास काहींना खरोखरच सोसत नाही, हे मी नाकारत नाही. आमच्या जेवणाच्या खोलीत टेबल एकच आहे. त्याचा राष्ट्रीय एकात्मतेशी काही संबंध नाही. दुसऱ्या टेबलाचा अर्ज वर जाऊन वर्षं झाली. कॅशियर केरळचे, त्यांच्या डब्यात तारल्याचं कालवण. पासिंग ऑफिसर कांदा-लसूणही न खाणारे. पहिल्या आठवड्यात ऑफिसरसाहेबांनी रुमाल नाकाला लावला. मी तर खुर्चीच सरकवली, आणि वर पंख्याचं कारण सांगितलं. कॅशियरसाहेब काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते खिडकीच्या टोकाला बसू लागले आणि डबा उघडण्याआधी खिडकी उघडू लागले. महिनाभरानं ऑफिसरसाहेब आपणहून उठून ती खिडकी उघडायला लागले. आता त्यांचा खाकरा कॅशियरसाहेबांच्या डब्यात जातो आणि तिकडून केळ्याचे वेफर येतात. कालवण येत नाही, आणि यावं असं कुणी म्हणतही नाही. नियम कुणी केला नाही, दंड कुणी ठेवला नाही. खुर्ची सरकवल्याची लाज तेवढी माझ्या खात्यावर अजून येणे दिसते.

परवा अचानक वरून पत्र आलं : दुसरं टेबल हवं असल्यास कारणासह कळवावे. मी ते जेवताना मोठ्यानं वाचलं. ऑफिसरसाहेबांनी कॅशियरसाहेबांकडे पाहिलं, आणि दोघं एकदमच म्हणाले, ''पण ठेवणार कुठं?''

मी उत्तर लिहिलं : जागेअभावी नको.

तशी खिडकीखाली पुष्कळ जागा आहे.